मलेट म्हणजे नक्की कुठलं, कसं ओळखायचं

मलेट (mullet) हा तीन अर्थांचा इंग्रजी शब्द दिसला की आधी आजूबाजूला काय लिहिलंय ते बघा, अर्थ तिथंच सापडतो.

केस, ऐंशीचं दशक, रॉकवाले असं काही असेल तर ती हेअरस्टाईल, म्हणजे पुढून बारीक आणि मागे मानेवर लांब केस. गंमत अशी की कट जुना पण त्याचं हे नाव नवीन, ऑक्सफर्ड डिक्शनरीवाले ते बीस्टी बॉईज या अमेरिकन रॅप ग्रुपच्या १९९४ च्या गाण्यापर्यंतच मागे नेतात, त्यामुळे ऐंशीत ज्यांनी तो ठेवला होता त्यांना आपण मलेट ठेवलाय हे माहीतच नसणार!

ताट, गळ, खाडी असं काही असेल तर मासा. इथे जरा सांभाळा, कारण ग्रे मलेट म्हणजे आपली बोय, गोव्यात शेवटो, पण रेड मलेट वेगळ्याच कुळातला, हनुवटीला दोन मिशा असलेला, आणि रोमन श्रीमंत याच्यासाठी वाट्टेल ते पैसे मोजायचे. नाव आलं लॅटिन मुलुसवरून, आणि मुलुस म्हणजे हा लालवालाच. म्हणून रेसिपीत नुसतं मलेट लिहिलं असेल तर फोटो बघूनच मासा आणा.

ढाल, घराणं, राजचिन्ह दिसलं तर पाच टोकांचा तारा. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, घोडेस्वाराच्या टाचेवरच्या काटेरी चक्राचं नाव ते, माशाशी काही नातं नाही. वॉशिंग्टन डीसीचा झेंडा गुगल करा, वरचे तीन लाल तारे म्हणजे मलेटच, जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्याच्या ढालीवरून घेतलेले.