सरळ पुंगळीच्या काडतुसासाठी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कशी निवडावी

अमेरिकेतला ओहायो, इंडियाना, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग हा सगळा सपाट शेतीचा आणि दाट वस्तीचा मुलूख. मक्याच्या शेतापलीकडे लगेच कुणाचं तरी घर, नाहीतर रस्ता. म्हणून इथे हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षं फक्त शॉटगन आणि स्लग (तिची एकच जाड गोळी) चालायचे, .३०-०६ सारख्या लांब पल्ल्याच्या रायफलींना मज्जाव असायचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या राज्यांनी मधला मार्ग काढला. ज्या काडतुसाची पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत सरळ आहे, बाटलीसारखी पुढे निमुळती होत नाही, त्याची रायफल चालते. अशा पुंगळीत दारू कमी मावते, गोळी जाड आणि बोथट असते, त्यामुळे वेग लवकर उतरतो. पण लवकर म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. दोनशे यार्डांपुढे तिचा नेमका उपयोग संपतो, धोका संपत नाही. हवेत उंच सुटलेली गोळी मैलभर सहज जाते.

निवडीचा क्रम असा: आधी नियम, मग काडतूस, सगळ्यात शेवटी रायफल, म्हणजे बोल्ट हाताने मागेपुढे करून भरायची बोल्ट-अ‍ॅक्शन. दुकानात बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात आणि देखणी रायफल घेऊन घरी आल्यावर नियमपुस्तिका उघडतात.

नियम

ओहायोत गोळीचा व्यास .३५७ ते .५० इंच हवा आणि चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) व मॅगझिन (काडतुसं साठवायचा खण) मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं भरलेली नकोत. मिशिगनच्या मर्यादित बंदूक क्षेत्रासाठी (वर सांगितलेल्या दक्षिण भागासाठी) २०१४ मध्ये आलेला नियम मापाचा आहे: व्यास .३५ किंवा जास्त, पुंगळीची लांबी किमान १.१६ आणि कमाल १.८० इंच. आयोवात व्यास .३५० ते .५०० आणि नळीच्या तोंडाशी किमान ५०० फूट-पाउंड ऊर्जा. इलिनॉयने २०२३ पासून रायफलींना दार उघडलं, पण फक्त एकबारी. मॅगझिनची बोल्ट-अ‍ॅक्शन तिथे नेऊ नका. हे नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात, तेव्हा खरेदीच्या दिवशी त्या वर्षीची पुस्तिका राज्याच्या वन्यजीव विभागाच्या साइटवरून काढून वाचा.

मिशिगनच्या मापात एक चूक सर्रास होते. १.८० इंच ही नुसत्या पितळी पुंगळीची लांबी आहे, गोळीसकट अख्ख्या काडतुसाची नाही. .३५० लेजंडचं अख्खं काडतूस सव्वादोन इंचांचं, पण पुंगळी १.७१ इंच, म्हणजे चालतं. .४५-७० गव्हर्नमेंट हे १८७३ चं जुनं, भरवशाचं काडतूस. त्याची पुंगळीच २.१०५ इंच आहे, त्यामुळे ओहायोत चालतं आणि मिशिगनच्या त्या क्षेत्रात नाही. दोन राज्यांत शिकार करायचा विचार असेल तर कडक नियमात बसणारंच काडतूस घ्या.

मराठी वाचकांपैकी बरेच जण एच-१बी किंवा एफ-१ वर असतील. त्यांनी हे आधी वाचावं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. मित्राची रायफल हातात घेणंही त्यात येतं. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, तेव्हा नूतनीकरणाची तारीख विसरू नका. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. आणि हे सगळं तिथलंच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही.

काडतूस

खरी निवड इथे होते, म्हणून इथे वेळ घालवा.

.३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे २,३२५ फूट प्रति सेकंद वेगाने सुटते, तेव्हा ऊर्जा १,८०० फूट-पाउंड असते. शंभर यार्डांवर ती १,३०० च्या आसपास आणि दोनशेवर ९०० उरते. व्हाइटटेल हरणाला दीडशे-पावणेदोनशे यार्डांपर्यंत हे पुरेसं आहे. धक्का सौम्य, काडतुसं इतर पर्यायांपेक्षा स्वस्त, त्यामुळे सराव होतो.

.४५० बुशमास्टरची गोळी .४५२ इंचाची, २५० ग्रेन, वेग २,२००, ऊर्जा जवळजवळ २,७००. हरीण जागीच बसण्याची शक्यता वाढते, पण हलक्या रायफलीत खांद्याला चांगलाच दणका बसतो. माणूस तिसऱ्या-चौथ्या बारानंतर डोळे मिटून खटका ओढायला लागतो आणि नेम चुकतो. नवख्याने आणि हंगामाआधी वीस-तीस बारच करणाऱ्याने .३५० घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. .४५० त्याने घ्यावं जो खरोखर सराव करणार आहे.

२०२३ मध्ये दोन काडतुसं आली. .४०० लेजंड दोघांच्या मधलं आहे, २१५ ग्रेन आणि २,२५० फूट. .३६० बकहॅमरची पुंगळी बरोबर १.८० इंच आहे, पण बुडाला बाहेर आलेली कड आहे. कडेचं काडतूस खटक्याजवळची दांडी खाली ओढून भरायच्या लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये छान चालतं, बोल्ट-अ‍ॅक्शनच्या मॅगझिनमध्ये कडा एकमेकींत अडकतात. ते आवडलं असेल तर लिव्हर घ्या.

आणखी एक साधी कसोटी: तुमच्या गावातल्या दोन दुकानांत त्या काडतुसाच्या किती वेगवेगळ्या पेट्या दिसतात ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला बघा. ओहायोचा मुख्य बंदूक हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो, मिशिगनचा १५ नोव्हेंबरला. त्याच्या आदल्या आठवड्यात शेल्फ रिकामे असतात.

रायफल हातात घेतल्यावर

सरळ पुंगळीला खांदा, म्हणजे निमुळता होणारा भाग, नसतो. बाटलीच्या आकाराचं काडतूस निमुळतं असल्याने चेंबरमध्ये आपोआप घसरतं. सरळ पुंगळीचं सपाट कापलेलं तोंड मात्र चेंबरच्या काठाला अडकू शकतं. या रायफलींची सगळ्यात मोठी तक्रार हीच. म्हणून दुकानदाराची परवानगी घेऊन, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, त्याच मापाची नकली सरावाची काडतुसं मॅगझिन भरून चालवून बघा. एकदा सावकाश, एकदा झपाट्याने. प्रत्येक काडतूस आत गेलं पाहिजे, प्रत्येक बाहेर उडालं पाहिजे. बोल्ट अर्धवट मागे ओढून पुढे ढकलला की जुनं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवं त्याच्यावर चढतं. ही चूक बंदुकीची नसून हाताची असते. छोट्या काडतुसासाठी बोल्टची धाव लांब वाटते, तरी तो पार शेवटापर्यंत ओढायचा.

मॅगझिनकडे रायफलीइतकंच लक्ष द्या. .३५० लेजंडच्या काही रायफली एआर पद्धतीचं (एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीचं, काढता येणारं) मॅगझिन घेतात. .२२३ चं मॅगझिन दिसायला सारखं असलं तरी त्यात हे काडतूस नीट बसत नाही, .३५० असं लिहिलेलंच घ्या. जास्तीचं मॅगझिन वेगळं मिळतं का आणि केवढ्याला, तेही तेव्हाच विचारा.

नळीच्या लांबीवरून फार डोकं शिणवू नका. या काडतुसांची दारू पटकन जळते, त्यामुळे १६ इंची आणि २२ इंची नळीत वेगाचा फरक हरणाला कळण्याइतका नसतो. रूगर अमेरिकन रँचची नळी १६ इंचांहून थोडी जास्त, सॅव्हेज अ‍ॅक्सिसची १८, विंचेस्टर एक्सपीआरची २२. मचाणावर किंवा तंबूच्या खिडकीतून छोटी नळी सोयीची. तिचा तोटा म्हणजे आवाज आणि झोत, त्यातही मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी बसवलेला भाग) लावलेली .४५० असेल तर कान झाकल्याशिवाय एकही बार करू नका. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल हा संघीय कायद्यात वेगळा, परवानगीचा प्रकार आहे. कुणाकडून कापून घेण्याचा विचारही नको. सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावायचा असेल तर त्याचं छिद्र त्या गोळीला पुरेसं मोठं लागतं. .३० चा सप्रेसर .३५० वर लावला तर गोळी आत आपटून तो फुटू शकतो.

दस्ता खांद्याला लावून कोपर काटकोनात वाकवा. बोट खटक्यावर सहज टेकलं पाहिजे. पावणेचौदा इंचांचा दस्ता साधारण प्रौढ माणसाचा. बारीक चणीच्या व्यक्तीला किंवा मुलाला साडेबारा-तेरा इंचांचा लागतो. हे माप नोव्हेंबरच्या जाड कोटासकट घ्या, कारण कोट अर्धा-पाऊण इंच खातो. खटका तीन ते चार पाउंडांचा असावा. हातमोज्यात अडीचचा खटका लवकर सुटतो.

दुर्बीण आणि नेम

२-७ किंवा ३-९ पटीची दुर्बीण पुरे. .४५० साठी डोळ्याचं दुर्बिणीपासूनचं अंतर साडेतीन इंचांपेक्षा जास्त हवं, नाहीतर भुवई फाटते. आत खाली उतरत्या खुणा असतील तर त्या बहुधा .२२३ किंवा .३०८ साठी आखलेल्या असतात. या जड गोळ्यांना त्या जुळत नाहीत, साधी फुली बरी. रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने, निर्मात्याने दिलेल्या आकड्याला घट्ट करा. तो सहसा १५ ते २० इंच-पाउंड असतो. नेम भटकतो त्यामागे निम्म्या वेळा सैल स्क्रू असतो.

सुरुवात २५ यार्डांवर करा. पाव मिनिटाच्या (एका क्लिकला शंभर यार्डांवर सुमारे पाव इंच सरकणाऱ्या) दुर्बिणीत तिथे एक इंच हलवायला १६ क्लिक लागतात, शंभर यार्डांवर चारच. मग शंभरावर तीन-तीनचे गट मारा, मधे नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. .३५० ला १५० यार्डांचा नेम बांधला तर गोळी शंभरावर पावणेदोन इंच वर आणि दोनशेवर साडेचार इंच खाली लागते. हरणाच्या छातीचं मर्मस्थान सुमारे आठ इंचांचं असतं, म्हणजे मधोमध धरलं तर खाली चारच इंच जागा मिळते, तेव्हा मधोमध नेम पावणेदोनशेपर्यंतच निभावतो, दोनशेवर नाही. .४५० दोनशेवर पावणेसहा इंच खाली जाते. तिची मर्यादाही पावणेदोनशे धरा. हे आकडे कारखान्याच्या पेटीवरचे नाहीत, गणिताने काढलेले आहेत. तुमच्या नळीतून खरी गोळी कुठे लागते ते मैदानावर कागदावर बघूनच ठरवा.

घरी स्वतः काडतुसं भरण्याचा छंद असलेल्यांना एक ताकीद. .३५० आणि .४५० दोन्ही काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतात. म्हणून तोंड आत वळवून गोळी आवळायची नाही, फक्त हलकं निमुळतं दाबायचं. तोंड आत वळलं की काडतूस खोल जातं, पिन प्रायमरवर (बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर) नीट बसत नाही आणि दाब बेभरवशाचा होतो. .३५५ ची पिस्तुलाची गोळी .३५७ ऐवजी घातली तर ती सैल बसू शकते. हाच तोंडाचा काठ चेंबरच्या पायरीवर काजळीही साचवतो. बोल्ट अचानक जड बंद व्हायला लागला तर जोर लावू नका. बंदूक रिकामी करा, चेंबर ब्रशने ती पायरी घासा आणि मगच पुन्हा भरा.

हंगामासाठी एकाच लॉटच्या तीन पेट्या घ्या. पेटीवरचा लॉट क्रमांक जुळवून बघा. दोन पेट्या नेम आणि सरावाला, तिसरी कपाटात कुलपात, पहाटे मचाणावर चढायच्या दिवसापर्यंत.