कोलाडला राफ्टिंगला जाताय? मग या चुका टाळा

कोलाडच्या राफ्टिंगचा दिवस बिघडतो तो बहुधा वडखळच्या ट्रॅफिकमध्ये. सकाळी सहाला ठाण्याहून निघायचं ठरलेलं असतं. सगळे जमेपर्यंत सात वाजतात, पेणला 'पाच मिनिटं' म्हणून गाडी थांबते ती अर्ध्या तासाने हलते, आणि नागोठण्याच्या अलीकडे फोन वाजतो, "सर, कुठपर्यंत आलात? पाणी सुटलंय."

हे 'पाणी सुटलंय' प्रकरण नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

नदी घड्याळावर चालते

कोलाडच्या कुंडलिका नदीत पावसाळा सोडून राफ्ट चालण्याइतकं पाणी आपोआप नसतं. ते येतं मुळशीहून. मुळशी धरण मुळा नदीवर, म्हणजे खरं तर पूर्वेकडे भीमेला जाऊन मिळणारं पाणी. टाटांनी ते सह्याद्रीच्या पोटातून आणि मग नळांतून खाली कोकणात भिऱ्याला उतरवलं, आणि 1927पासून तिथे वीज तयार होते. (याच धरणाविरुद्ध 1921मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभारला होता. राफ्टमध्ये बसून आरडाओरडा करताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, पण यायला हरकत नाही.) भिऱ्याहून निघालेलं पाणी रवाळजेला अडतं, आणि तिथून वीजनिर्मितीसाठी सोडलं की नदी भरते. हे सहसा सकाळी होतं. राफ्ट त्या पाण्याबरोबर निघतात. पाणी ओसरलं की त्याच पात्रात दगड उघडे पडतात आणि राफ्ट ढकलत न्यावी लागते.

म्हणून रिपोर्टिंगची वेळ म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त नव्हे, की त्यानंतर तासाभराने पोचलं तरी चालेल. तुमच्यासाठी विजेचं वेळापत्रक बदलत नाही. मुंबईहून अंतर साधारण 120 किलोमीटर. कागदावर तीन तास पुरे होतात, पण मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आता कुणी काय बोलायचं! शक्यतो आदल्या रात्रीच पोचून कोलाड किंवा सुतारवाडीच्या बाजूला मुक्काम करा. पुण्याचे लोक ताम्हिणीतून येतात. तो रस्ता सुंदर आहे आणि तोच त्याचा धोका. दर वळणावर फोटोला थांबलात तर तुमचाही वडखळच होणार. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं कोलाड स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. रोह्याला उतरून पुढे रिक्षा किंवा जीप करणं जास्त भरवशाचं.

आदल्या संध्याकाळी एक फोन करा आणि नेमकं विचारा, "उद्याचं पाणी नक्की आहे का, आणि किती वाजता?" देखभालीसाठी किंवा विजेच्या मागणीप्रमाणे वेळ पुढेमागे होते, कधी पाणी सुटतच नाही. तसं झालं तर पैसे परत मिळणार, तारीख बदलून मिळणार, की झिपलाइन आणि कयाकिंगवर (एक-दोघांच्या छोट्या होडीत वल्हवणं) बोळवण होणार, हे बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोंडी 'बघू ना सर' याला अर्थ नाही.

पावसाळ्यात हिशेब वेगळा. तेव्हा पाणी भरपूर असतं, डोंगर हिरवेगार असतात, फोटो झकास येतात आणि गर्दीही तेव्हाच होते. पण रायगडला रेड अलर्ट असताना 'आता एवढं आलोच आहोत तर' म्हणून आयोजकाच्या मागे लागू नका. तो नाही म्हणाला तर चांगला माणूस मिळाला असं समजा. पहिलीच वेळ असेल तर ऑक्टोबर ते मे उत्तम.

फक्त रेट विचारून बुकिंग

ग्रुपमध्ये कुणीतरी पाच जणांना फोन लावतो आणि ज्याचा रेट शंभर रुपयांनी कमी त्याला पैसे पाठवून मोकळा होतो. शंभर रुपये वाचले, पण कुठून वाचले? महाराष्ट्र सरकारने 2021मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याप्रमाणे अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिवाय विचारा: प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित गाइड आहे का, सोबत बचावासाठी कयाक असते का, एका राफ्टमध्ये किती माणसं बसवता? आठ माणसं आणि गाइड हे ठीक. 'दहा-बारा पण बसतात' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. मध्यस्थामार्फत बुकिंग केलं असेल तर नदीवर प्रत्यक्ष कोण नेणार, त्याचं नाव मागा. पुष्कळदा रिसॉर्ट एकाचं आणि राफ्ट दुसऱ्याची असते.

वय, तब्येत आणि न वाचता केलेली सही

पोहता येत नाही म्हणून कुणाला घरी ठेवू नका. कोलाडचे रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे मध्यम आहेत आणि लाइफ जॅकेट न पोहणाऱ्यालाही वर ठेवतं. पण ज्याला फिट येतात, हृदयाचा त्रास आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा खांदा पूर्वी निखळलेला आहे, त्याने बसू नये. गरोदर बाईने तर नाहीच. खांद्याचं लोक हमखास लपवतात, आणि नेमका तोच राफ्टमध्ये दगा देतो. मुलांसाठी बहुतेक ठिकाणी 14 वर्षांची अट असते. बारा वर्षांच्या पोराचं वय वाढवून सांगणारे आईवडील दर शनिवार-रविवारी असतात. अट वयाची दिसते, पण खरा प्रश्न जॅकेटच्या मापाचा आणि वजनाचा असतो. दम्याचा पंप लागत असेल तर तो गाइडच्या ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) द्या आणि त्याला दाखवूनच द्या.

कपडे, चष्मा, किल्ली

जीन्स नको. भिजली की जड होते, आणि मग दोघांनी ओढूनही माणूस राफ्टमध्ये येत नाही. सुती टी-शर्टसुद्धा अंगाला चिकटून थंड पडतो. धरणाच्या तळातून आलेलं पाणी मे महिन्यातही चांगलंच गार असतं. व्यायामाचे पटकन वाळणारे कपडे घाला. ओढणी, सैल कुर्ता, लोंबणारं मंगळसूत्र, अंगठ्या हे सगळं रिसॉर्टवर ठेवा. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. साधी चप्पल पहिल्याच रॅपिडमध्ये रोह्याच्या दिशेने रवाना होते. चष्म्याला मागून दोरी बांधा, मेडिकलमध्ये नाहीतर स्पोर्ट्सच्या दुकानात मिळते. सनस्क्रीन कपाळावर थापू नका, कारण पाण्याबरोबर ते डोळ्यांत उतरतं आणि पुढचा तासभर तुम्ही डोळे मिटून वल्हवता.

मोबाइलचं प्लॅस्टिक पाऊच जत्रेत ठीक, नदीत त्याचा भरवसा नाही. त्याहून महत्त्वाची गाडीची किल्ली. बटणाची किल्ली खिशात ठेवून लोक बसतात, ती भिजते, आणि संध्याकाळी गाडी सुरू होत नाही. कोलाडला शनिवारी दुपारी किल्लीवाला शोधण्यापेक्षा ती रिसॉर्टच्या कार्यालयात जमा करा. भिजलीच तर लगेच उघडून बॅटरी काढा, आतला भाग फडक्याने टिपून सावलीत वाळू द्या, आणि कोरडी झाल्याशिवाय बटण दाबून बघू नका. कोरडे कपडे मात्र उतरायच्या ठिकाणी पोचायला हवेत. राफ्ट सुरू होते तिथून सुमारे 12 किलोमीटर खाली संपते. बॅग सुरुवातीच्या ठिकाणी राहिली तर परतीच्या टेम्पोत कुडकुडत बसावं लागतं.

पोटाचंही सांगून टाकतो. मिसळ आणि भजी राफ्टिंगनंतर. आधी पोहे-चहा पुरे. आदल्या रात्री नदीकाठी 'बसलेले' असाल तर सकाळी प्रामाणिकपणे मागे राहा. उतरली नसेल तर चांगला गाइड तुम्हाला बसवणारही नाही.

जॅकेट आणि हेल्मेट

इथे दोन मिनिटं जास्त द्या. जॅकेट घातल्यावर सगळे बकल लावा, पट्टे ओढा, मग दोन्ही हात वर करा आणि शेजाऱ्याला खांद्यावरचे पट्टे धरून जोरात वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात ते कानापर्यंत जाईल आणि तुम्ही आत बुडाल. पट्टे ओढूनही सैल राहिलं तर जॅकेट बदलून मागा. 'चालतंय हो, थोडाच वेळ आहे' हे गाइडने म्हटलं तरी ऐकू नका. पोट सुटलेल्या काकांना जॅकेट छातीवर आवळलेलं नको असतं, ते खालचं बकल गुपचूप काढून ठेवतात. काकूंनी लक्ष ठेवावं.

हेल्मेट कपाळ झाकणारं हवं, मागे सरकवलेलं नको. आत टोपी, वर बांधलेला अंबाडा किंवा मोठी क्लिप असेल तर ते बसत नाही. वेणी घाला.

राफ्टमध्ये

गाइडचं ब्रीफिंग चालू असताना सेल्फी काढणारा एक तरी असतो, आणि 'फॉरवर्ड' म्हटल्यावर उलटं वल्हवणाराही तोच. आज्ञा पाच-सहाच असतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन (कडेवरून उतरून राफ्टच्या आत खाली बसा), आणि डावीकडच्यांनी किंवा उजवीकडच्यांनीच करायच्या एक-दोन. गाइड स्थानिक मुलगा असेल, नाहीतर उत्तराखंड-नेपाळकडचा. आज्ञा इंग्रजीतच येतात. कळलं नाही तर काठावरच विचारा. रॅपिडच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते. त्या मुठीवरून हात काढू नका. हात सुटला की ती मूठ मोकळी फिरते, आणि राफ्टिंगमध्ये ओठ फुटतात, दात हलतात ते बहुतेक दगडाने नव्हे, शेजाऱ्याच्या या मुठीने. दांडा मध्येच दोन्ही हातांनी धरणारा माणूस समोर दिसला तर त्याला निघण्याआधीच टोका.

बसायचं राफ्टच्या फुगलेल्या कडेवर. आत, मध्ये बसलात की सुरक्षित वाटतं, पण वल्हं पाण्याला टेकत नाही. पाय समोरच्या आडव्या ट्यूबखाली अडकवा, पण ओढला की सुटेल इतपतच. पुढच्या दोघांनी लय धरायची आणि मागच्यांनी त्यांच्याकडे बघून वल्हवायचं. म्हणून पुढे सर्वांत दणकट माणूस नको, एका चालीत वल्हवणारा हवा. आणि रॅपिड आला की घाबरून वल्हं मांडीवर ठेवू नका. ही नवख्यांची सगळ्यात ठरलेली चूक. राफ्टला वेग नसला की लाट तिला हवं तसं फिरवते. शिवाय पाण्यात रुतलेलं वल्हं तुम्हालाही आधार देतं.

राफ्ट दगडावर चढून अडकली तर उतरून ढकलायला जाऊ नका. गाइड सांगेल त्या बाजूला सगळ्यांनी सरकायचं, बसल्या जागी उड्या मारायच्या, सुटते. प्रवाहाने राफ्ट दगडावर आडवी दाबली तर वजन दगडाच्या बाजूला टाकायचं. माणूस स्वाभाविकपणे उलट, दगडापासून लांब सरकतो, आणि राफ्ट उलटते.

पाण्यात पडलात तर

पडणं म्हणजे अपघात असं नाही. पडल्यावर काय करता, यावर सगळं आहे.

उभं राहायचा प्रयत्न करू नका, मग पाणी गुडघाभर का दिसेना. वाहत्या पाण्यात पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे आडवा पाडतो, आणि मग जॅकेट असूनही तोंड वर येत नाही. पाठीवर झोपा, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर दिसतील अशी. दगड आलाच तर तो पायाला लागेल, डोक्याला नाही. राफ्ट हाताशी असेल तर तिच्या कडेची दोरी धरा. राफ्टच्या खाली गेलात तर दोन्ही हात वर लावून एकाच दिशेने चालल्यासारखे सरका, काही सेकंदांत बाहेर येता. मधेच दिशा बदललीत तर खालीच फिरत राहाल.

गाइडने दोरीची पिशवी फेकली तर दोरी धरा, पिशवी नव्हे. पिशवीत आणखी दोरी शिल्लक असते, ती सुटत जाते. दोरी खांद्यावरून छातीशी घ्या, पाठीवर राहा, आणि कुठल्याही परिस्थितीत ती मनगटाला गुंडाळू नका.

फक्त एका प्रसंगी पाठीवर झोपून राहायचं नाही: काठावरचं झाड किंवा फांद्या पाण्यात झुकलेल्या दिसल्या तर. पाणी फांद्यांतून जातं, माणूस अडकतो. तेव्हा पालथे व्हा आणि जोर लावून लांब पोहा.

शेवटच्या शांत टप्प्यात गाइड सहसा पाण्यात उतरू देतो. जे घाबरतात त्यांनी तर नक्की उतरावं, कारण जॅकेट आपल्याला खरंच वर धरतं याची खात्री तिथेच पटते. मात्र त्याने परत बोलावलं की लगेच परत या. खाली डोलवहाळचा बंधारा आहे, आणि कुठल्याही बंधाऱ्याजवळ तरंगत जाणं हा खेळ नाही.

जेवणानंतरची आंघोळ

राफ्टिंग झालं, जॅकेट परत केलं, जेवण झालं. दुपारी नदी ओसरलेली असते, गोटे दिसत असतात, आणि पोरं म्हणतात जरा डुंबून येऊ. सकाळी गाइड, हेल्मेट, कयाक एवढा लवाजमा घेऊन ज्या नदीत गेलात, तिच्यात आता काहीही न घेता उतरता. वरून पाणी कधी सुटेल हे तिथे बसून कळत नाही, आणि सुटलं की पात्र पाहता पाहता भरतं. पात्रातल्या खडकावर चूल मांडू नका, तंबू तर मुळीच नको. डुंबायचंच असेल तर रिसॉर्टवाल्याला विचारून, त्याने दाखवलेल्या जागी, जॅकेट घालून. तो 'नको' म्हणाला तर स्विमिंग पूल आहेच.