इथेनॉलच्या आशेवर पऱ्हाटी धुऱ्यावर रचू नका

कापसाची शेवटची वेचणी आटोपत आली असून, पऱ्हाटीपासून (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या काड्यांपासून) इथेनॉल हे इंधन होते, पुढेमागे दर मिळेल, या आशेने ती धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचून ठेवण्याचा विचार अनेक शेतकरी बोलून दाखवतात. विकण्याचा विचार रास्त आहे. परंतु गंजीत राहिलेली किडकी, न उमललेली बोंडे म्हणजे गुलाबी बोंडअळीचे पुढील हंगामासाठी राखलेले बियाणेच होय. असे एखादे बोंड फोडून पाहावे. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि आत अळी सुप्तावस्थेत पडलेली असते. पावसाळा लागताच तिचे पतंग होऊन नव्या कपाशीवर उतरतात. 2017 मध्ये बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेले बीटी वाण असूनही विदर्भातील कापूस या अळीने पोखरला, तरी धुऱ्यावरच्या गंज्या हटलेल्या नाहीत.

इथेनॉलचे गणितही समजून घ्यावे. हरियाणातील पानिपतचा 2022 साली सुरू झालेला प्रकल्प वर्षाला सुमारे 2 लाख टन भाताच्या पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारला आहे, म्हणजे टनामागे 150 लिटर. काडीतील सेल्युलोज (ज्यापासून साखर होते तो तंतुमय भाग) लिग्निन या कठीण, चिवट घटकात जखडलेले असते. ते वाफ व सौम्य आम्लाने मोकळे करून, विकरांनी (एन्झाइमांनी) त्याची साखर केल्यावरच ती आंबवून अल्कोहोल करण्याचे यीस्टचे काम सुरू होते. पऱ्हाटी तर लाकडासारखी कठीण. इथेनॉल रद्दीपासूनही होऊ शकते. पांढऱ्या रद्दी कागदातील लिग्निन आधीच काढलेले असल्याने तो सोपा जातो, मात्र चकचकीत कागदातील चुनखडीची भुकटी आम्ल निष्प्रभ करते. म्हणूनच ड्रममध्ये काडीकचरा, रद्दी आणि पुडीतील पावडर कालवून घरी इंधन होते, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला एक रुपयाही देऊ नये. शिवाय राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याविना अल्कोहोल गाळणे हा गुन्हा आहे.

आताची कामे:
- फरदड (हंगाम संपल्यावर पाणी देऊन तेच पीक पुढे चालवणे) न घेता पीक त्वरित काढणे.
- शेळ्या-मेंढ्या चारणे.
- उरलेली बोंडे तोडून नष्ट करणे.
- श्रेडरने कुट्टी करणे.
- खोल नांगरट.

कारखान्याशी लेखी व्यवहार झाला असेल तरीही आधी बोंडे काढावीत, मगच पऱ्हाटी द्यावी. माती लागलेला व भिजलेला माल नाकारला जातो, त्यामुळे ती कोरडीच उचलून न्यावी. व्यवहार नसल्यास कुट्टीचे खत करावे. ऊस पाचटासाठी टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. पऱ्हाटीच्या कुट्टीलाही मी तेच प्रमाण धरतो, फक्त ओल जास्त दिवस टिकवतो आणि संवर्धकाऐवजी जुन्या शेणखताची पाटी टाकतो. कुजवण्याच्या द्रावणाच्या महागड्या बाटल्यांनी कुट्टी लवकर कुजलेली माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या हंगामात हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावून सलग तीन रात्री दर रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग आढळले तर फवारणीचा विचार करावा. तथापि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर गंजी उभी असेल, तर सापळे भरणारच. त्यामुळे गावातील सर्वांच्या गंज्या मार्चअखेर हलवण्याचे ग्रामसभेत आताच ठरवून घ्यावे.