घरच्या मोठ्यांसाठी ब्रेन ट्रेनिंग ॲप घेताय? आधी हे करा

हल्ली बेळगावात, खानापूर-निपाणीकडं पण, पोरं बेंगळूर-पुण्याला नोकरीला आणि तिथनंच आईवडिलांच्या मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचं ॲप टाकून वर्षाचे पैसे भरायलेत. मी पण आईसाठी हेच केलंय, म्हणून कळकळीनं लिहितोय.

पैसे भरायच्या आधी एक वही घ्या आणि आठवडाभर नक्की काय विसरतंय ते लिहा. नुसतं "विसरायला लागलीय" असं नको, बीपीची गोळी किती वेळा राहिली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या का, असं लिहा. मग वही घेऊन डॉक्टरकडं जा, बी-१२, थायरॉइड, शुगर, बीपी बघून घ्या आणि कान तपासायला विसरू नका. आमच्या आईला आम्ही विसरभोळी म्हणत होतो आणि निघालं काय, तर उजव्या कानानं नीट ऐकूच येत नव्हतं, सांगितलेलं अर्धं पोचायचंच नाही तर लक्षात काय राहणार? लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याच्या आजाराचा (अल्झायमर त्यातलाच), धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यात कमी ऐकू येणं पण आहे.

आता जाहिरात. "स्मरणशक्ती वाढेल, अल्झायमर टळेल" असं दिसलं की थांबा. ल्युमोसिटी नावाच्या असल्याच ॲपवाल्या कंपनीला अमेरिकेत २०१६ साली असल्याच दाव्यांपायी २० लाख डॉलर भरावे लागले, दाव्याला पुरेसा आधार नव्हता म्हणून. त्याआधी २०१० मध्ये बीबीसीबरोबर ११,४३० लोकांवर सहा आठवडे प्रयोग झाला, लोक जे खेळ खेळले त्यातच पटाईत झाले, बाकी डोकं होतं तिथंच राहिलं. आमच्याकडं हेच बघितलं, फळांच्या जोड्या लावायच्या खेळात आई तिसऱ्या लेवलवरनं अकराव्याला गेली, आणि त्याच आठवड्यात दोनदा गोळी राहिली.

मग सगळंच फसवं का? तसं नाही. अमेरिकेत ॲक्टिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला, ६५ वर्षांवरचे २,८३२ लोक. त्यात स्मरणशक्तीच्या किंवा तर्काच्या व्यायामानं नाही, पण पटकन बघून ओळखायच्या, म्हणजे वेगाच्या व्यायामानं दहा वर्षांनी डिमेन्शियाचं प्रमाण कमी दिसलं. त्या व्यायामात स्क्रीनच्या मधोमध क्षणभर एक गाडी दिसते, ती कार की ट्रक ते ओळखायचं, आणि त्याच वेळी कडेला दुसरी गाडी कुठं चमकली ते पण सांगायचं, जमत गेलं की वेळ कमी कमी होत जातो. ब्रेनएचक्यू नावाच्या ॲपमध्ये 'डबल डिसिजन' नावानं हाच प्रकार आहे. घ्यायचंच तर असलं बघा, नुसत्या रंगीबेरंगी कोड्यांना पैसे घालू नका.

बसवायचं कसं, तर सकाळी चहा झाल्यावर, चष्मा लावून, मोबाईलपेक्षा मोठ्या स्क्रीनवर, वीस मिनिटं, आठवड्यातनं तीन-चार दिवस. पहिले आठ दिवस शेजारी बसाच. ॲप इंग्रजीत असतंय, आईला "लेफ्ट-राइट" कळायचं पण "स्वाइप" म्हणजे काय ते कळेना, चुकलं की तिला वाटायचं आपलं डोकंच गेलं. मी कागदावर मराठीत चार ओळी लिहून टीव्हीखाली चिकटवल्या तेव्हा कुठं ती निवांत झाली. चिडचीड व्हायला लागली की त्या दिवशी बंद.

आणि आपल्याकडचं फुकटचं सोडू नका की. हैदराबादला ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळा न शिकलेल्यांत पण. एका अभ्यासावरनं खात्री देता येत नाही, पण आई रविवार पेठेत यादी न घेता जाते, भाजीवालीशी कन्नडात भाव करते, घरी येऊन मराठीत हिशोब सांगते, ते मी थांबवणार नाही. रिक्षानं पाठवायचं सोडून चालतच जाऊ दे, चालणं मेंदूलाही चांगलं.

सहा आठवड्यांनी परत वही उघडा, स्कोअर बघू नका, गोळ्या किती राहिल्या ते बघा. फरक नसला तर बंद करा, पण ॲप नुसतं डिलीट करून पैसे कटायचे थांबत नाहीत. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल करा आणि यूपीआयचं ऑटोपे पण बघा, माझे दुसऱ्या वर्षाचे पैसे असेच गेले.