घरच्या घरी वाचनयंत्र बनवताय? या चुका टाळा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्म्याचा नंबरही बदलून घेतला, तरी पेपर काही वाचता येत नाही, असं माणूस आपल्या नात्यागोत्यात एखादं तरी असतंच. तयार वाचनयंत्र, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली अक्षरं पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र, बहुतेक घरांना झेपत नाही. मग हौशी पोरं जुना टीव्ही, वेबकॅम आणि कुपवाड एमआयडीसीतून वेल्डिंग करून आणलेला स्टँड जमवून घरीच यंत्र उभं करतात. बेत चांगला आहे. पण अशी बरीच यंत्रं थोड्याच दिवसांत माळ्यावर जातात, कारण आधी यंत्र तयार होतं आणि मग आजोबांना त्याच्यापुढे आणून बसवलं जातं.

डोळ्याला नेमकं काय झालंय हे न विचारणं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीच्या दोन वाटा दिल्या आहेत. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) पासून 3/60 पर्यंत उतरलेली असणं, ही एक. नजरेचा आवाका 40 अंशांपेक्षा कमी, 10 अंशांपर्यंत आलेला असणं, ही दुसरी. यंत्र बनवणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळलाच पाहिजे. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालेल्या माणसाला मोठी अक्षरं उपयोगी पडतात. काचबिंदूने कडेची नजर गेलेल्या माणसासमोर तीच मोठी अक्षरं मांडली, तर एका वेळी दोनच दिसतात आणि वाक्य हाती लागत नाही. त्याला अक्षरं बेताची, पण उजेड भरपूर आणि काळं-पांढरं ठसठशीत लागतं. मिरज दवाखान्यांचं गाव आहे, तेव्हा स्टँडच्या आधी तिथला केसपेपर हातात असू द्या.

झूमचं बटण दाबत सुटणं. 32 इंची टीव्ही साधारण 70 सेंटीमीटर रुंद असतो. कॅमेऱ्याला कागदाची 10 सेंटीमीटर रुंदी दिसत असेल, तर अक्षर सात पट होतं, म्हणजे 2 मिलिमीटरचं अक्षर 14 मिलिमीटरचं. पण कॅमेरा जुना 640 पिक्सेलवाला असेल, तर त्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम 13 पिक्सेल येतात. त्यात इंग्रजी अक्षर निभावून जातं. आपले रफार, जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र लिबलिबीत होतात. 1920 पिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेच 38 होतात. डिजिटल झूमने नवे पिक्सेल पैदा होत नाहीत, नुसता चिखल मोठा दिसतो. त्यापेक्षा टीव्ही भिंतीवरून उतरवून टेबलावर घ्या. दोन मीटरवरचा पडदा अर्ध्या मीटरवर आला की डोळ्याला अक्षर चौपट होतं, आणि खर्च शून्य. एवढ्या जवळून बघताना वाचायच्या चष्म्याचा नंबर बदलावा लागू शकतो, तेही डॉक्टरांनाच विचारा.

फक्त पेपरवर चाचणी घेणं. ही चूक मला सगळ्यात मोठी वाटते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पेपर न वाचता आला तरी चालेल, पण फवारणीच्या औषधाचा डबा वाचता आलाच पाहिजे. डबा गोल असतो, त्यामुळे लेबलाचा मधला भाग स्पष्ट आणि कडा धूसर येतात. चकचकीत कागदावर दिव्याचा पांढरा पट्टा नेमका मजकुरावर पडतो. यावर उपाय म्हणजे दिवा कॅमेऱ्याशेजारी न लावता दोन्ही बाजूंनी तिरका लावायचा आणि डबा लाकडी खाचेत आडवा ठेवून हळूहळू फिरवायचा.

यातला खरा धोका रंगांचा आहे. काळ्यावर पांढरी अक्षरं बऱ्याच जणांना सोपी जातात, म्हणून यंत्र कायम उलट्या रंगांवर सोडलं जातं. फवारणीच्या औषधाच्या लेबलावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष आणि निळा म्हणजे मध्यम. रंग उलटले की लाल निळसर दिसतो! त्यामुळे मूळ रंगांवर परत येणारं बटण मोठं, उंचवट्याचं आणि बोटाला चाचपून सापडेल असं हवं. मेन्यूत लपलेलं बटण असून नसल्यासारखंच.

डगमगता स्टँड. अक्षर सात पट होतं तेव्हा हादराही सात पट होतो. मोबाइल धरायचे वाकणारे स्टँड इथे कुचकामी ठरतात. कागद हाताने सरकवायला लावू नका. ओळ सुटली की वाचणारा वैतागतो आणि उठून जातो. हार्डवेअरच्या दुकानातले ड्रॉवरचे चॅनेल प्लायवूडखाली बसवा, म्हणजे कागद ठेवायचा हा पाट डावी-उजवीकडे सरळ सरकतो.

बाकीच्या कुरबुरी सेटिंगच्या असतात:

- हात मध्ये आला की चित्र धूसर-स्पष्ट होत राहतं: ऑटोफोकस बंद करून फोकस एका जागी पक्का करा. पाटाची उंची बदलली तर पुन्हा जुळवा.
- पडद्यावर पट्टे सरकतात: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ असेल, आपली वीज 50 ची आहे. तरीही पट्टे राहिले तर बल्ब बदला.
- ओळीची सुरुवातच कापली जाते: टीव्ही कडा छाटतोय. पिक्चर साइजमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा.
- कागद आधी सरकतो, चित्र मागून येतं आणि आजीला मळमळतं: मोबाइलचं चित्र वायफायवरून टीव्हीवर पाठवू नका, केबल जोडा. टीव्हीला गेम मोड असेल तर तो लावा.