चाळिशीनंतर आयव्हीएफ: ट्रान्स्फरच्या वेळेबाबत या चुका टाळा

आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून गर्भ तयार करणं आणि मग तो गर्भाशयात ठेवणं; हे ठेवणं म्हणजेच ट्रान्स्फर. अशा सेंटरमध्ये समुपदेशनाचं काम करताना एक गोष्ट मला सतत टोचते. चाळिशीच्या आसपासच्या बायका जिथे घाई हवी तिथे थांबतात आणि जिथे थांबून चालतं तिथे घाई करतात.

वय आड येतं ते मुख्यतः स्त्रीबीजाच्या. गर्भाशय त्या मानाने बरीच वर्षं साथ देतं, म्हणून तर दात्या स्त्रीचं बीज घेऊन पंचेचाळिशीतही गर्भ राहतो. तेव्हा 'दिवाळी होऊ दे, मग भाचीचं लग्न' म्हणत एग पिकअप, म्हणजे स्त्रीबीजं काढून घेणं, सहा महिने पुढे ढकलू नका. एकदा गर्भ तयार होऊन उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेला, की त्याचं वय तिथेच थांबतं.

आणि नेमकं तेव्हाच घरचे मागे लागतात, 'याच महिन्यात ठेवून टाका!' थायरॉइड वाढलेला असतो, बीपी ताब्यात नसतं, सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जेमतेम सहा मिलिमीटर दिसतं. बहुतेक डॉक्टर किमान सात मिलिमीटर आणि तीन रेघा स्पष्ट दिसणारं अस्तर बघतात. 'पुढच्या पाळीला बघू' असं ते म्हणाले तर रडू नका, महिना वाया गेलेला नाही. ताज्या चक्रातही, म्हणजे गर्भ न गोठवता लगेच ठेवायचा असतो तेव्हाही, इंजेक्शनांमुळे प्रोजेस्टेरॉन (अस्तराला गर्भासाठी तयार करणारं संप्रेरक) पिकअपच्या आधीच चढलं, तर अस्तर पुढे निघून जातं आणि गर्भ मागे राहतो. अशा वेळी गर्भ गोठवणंच शहाणपणाचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिवसांचा हिशेब. पाचव्या दिवसाचा गर्भ, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, प्रोजेस्टेरॉनच्या औषधाचे साधारण पाच पूर्ण दिवस झाल्यावर ठेवतात. सोमवारी सुरुवात झाली तर ट्रान्स्फर शनिवारी. हा हिशेब पहिल्या डोसपासून सुरू होतो. एक ताई ट्रान्स्फरच्या आदल्या दिवशी आल्या. औषधाचं पाकीट बघताना सिस्टरच्या लक्षात आलं की दोन गोळ्या जास्त उरल्यात. चौकशी केली तेव्हा कळलं, पाहुणे आले म्हणून त्यांनी औषध एक दिवस उशिरा सुरू केलं होतं आणि डॉक्टर रागावतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. गर्भ अजून नायट्रोजनमधून काढला नव्हता, म्हणून ट्रान्स्फर एक दिवस पुढे नेता आली. डोस चुकला तर त्याच तासाला फोन करा. कुणी रागावत नाही. पहिला डोस घेतल्याची वेळ पाकिटावरच पेनाने लिहून ठेवा.

'तुमची नेमकी वेळ' शोधून देतो म्हणून अस्तराचा तुकडा काढून करायची महागडी तपासणी सुचवली, तर आधी कारण विचारा. 2022 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत, या तपासणीप्रमाणे वेळ बदलून बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

ट्रान्स्फर झाल्यावर पलंगाला खिळून राहायची गरज नाही. पण घरच्या टेस्टवर एकच रेघ आली किंवा डाग दिसला म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करणं फार महागात पडतं. गोळ्यांवर तयार केलेल्या चक्रात बीजकोषातून प्रोजेस्टेरॉन येतच नाही. औषध थांबलं की गर्भाचा आधारच जातो. गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी दिलेल्या तारखेलाच करा आणि डॉक्टर सांगेपर्यंत, बहुतेकदा गर्भारपणाचे दहा-बारा आठवडे होईपर्यंत, औषध चालू ठेवा.

'वय झालंय, दोन ठेवा' हा आग्रहही नको. चाळिशीनंतर जुळ्यांमध्ये बीपी आणि वेळेआधी प्रसूती यांचा धोका आईला आणि बाळांनाही सोसावा लागतो. किती गर्भ ठेवायचे हे गर्भाची प्रत आणि तुमची तब्येत बघून डॉक्टरांशी ठरवा.

गोठवलेले गर्भ असले तरी कायद्याची मुदत विसरू नका. अशा उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्यानुसार स्त्रीला हे उपचार पन्नाशीच्या आतच घेता येतात, पुरुषाला पंचावन्नच्या आत. गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी गर्भ गोठवला असेल, तर तुमच्या हाती दहा नाही, तीनच वर्षं आहेत.