आमच्या कंपायलरचे टप्पे आडवे होते, उभे केले

देवगडला घरी बसून आम्ही दोघं मित्र एक छोटा ओपन सोर्स कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) लिहितो. निधीसाठीचा आमचा पहिला अर्ज परत आला. टप्पे होते आडवे थर: पार्सर (प्रोग्राम वाचून समजून घेणारा), ऑप्टिमायझर (तो वेगवान करणारा), कोड जनरेशन (मशीनचा कोड काढणं). प्रत्येकी दोन महिने. पैसे टप्पा पुरा झाल्यावरच, आणि चार महिने चालवून दाखवण्यासारखं काहीच नाही! बाबांनी ऐकून एवढंच विचारलं, "अरे, होडी पाण्यात कधी उतरवणार?"

मग तेच काम उभं कापलं, म्हणजे प्रत्येक टप्प्यात सगळ्या थरांचं थोडं थोडं काम. पहिला टप्पा: फक्त पूर्णांक, बेरीज आणि एक फंक्शन, पण लिहिलेल्या सोर्स कोडपासून मशीनवर थेट चालणाऱ्या बायनरीपर्यंत. पुढे इफ आणि व्हाइल, मग स्ट्रिंग. पुरावा म्हणून प्रत्येक टप्प्याला टेस्ट प्रोग्रामची यादी जोडली.

सर्वांत जास्त वेळ एसएसए (प्रत्येक व्हेरिएबलला एकदाच किंमत मिळते असं कोडचं रूप) खाणार होतं. ते एलएलव्हीएमवर सोडलं (कंपायलर बांधायची तयार साधनं, २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला प्रकल्प). लोकल व्हेरिएबल 'अलोका' या सूचनेने स्टॅकवर, म्हणजे मेमरीत ठेवायचे, एलएलव्हीएमचा 'मेमटूरेग' पास (कोडवरून फिरून तो बदलणारी पायरी) त्यांची एसएसएमधली रजिस्टरं करतो. एसएसएला लागणारे फाय नोड (कोडच्या दोन वाटा जुळतात तिथे योग्य किंमत निवडणारे) हातानं लिहायला नकोत. तीन आठवडे वाचले.

जून-जुलैत मात्र एकही टप्पा ठेवला नाही. पहिल्या वादळी पावसात इकडची वीज कुठे जाते ते आम्हाला माहीत आहे.

दुसऱ्यांदा अर्ज मंजूर झाला.